चंपाबाईंचं कालचं पीठ

चंपाबाई मेश्राम सोयाबीनला मनातून कधीच मानत नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं, बाई सोयाबीनच्या भक्त होत्या की काय! छे हो. त्यांच्या माहेरी, यवतमाळकडे, भावाने ज्वारी मोडून सोयाबीन पेरलं, तेव्हा त्यांच्या आईने एकदाच ते दाणे शिजवून पाहिले होते. दोन तास चुलीवर ठेवूनही दात लागेना आणि वासाने सगळं घर नाक धरून अंगणात आलं. त्या दिवशी घरात ठरून गेलं, की हे पीक तेलाच्या गिरणीचं, माणसाच्या ताटातलं नाही. पोती भरायची, ट्रॅक्टरवर चढवायची, विषय संपला.

आणि गंमत बघा, त्याच चंपाबाईंच्या हाती पुण्यात बारा बायकांना रोज सोयाबीन खाऊ घालायचं काम आलं.

साल होतं दोन हजार दोन. चंपाबाईंना पुण्यात येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. नवरा दशरथ पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होता, कायम नोकरीत. येरवड्यात दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, खिडकीत तुळस नाही पण गवती चहा. मग कारखान्यात नवीन यंत्रं आली, त्यांना माणसं कमी लागायची, आणि दशरथने इतर शंभर जणांबरोबर स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली. त्यातली स्वेच्छा कुणाची, ते कुणी विचारलं नाही. आता तो कल्याणीनगरच्या एका आयटी कंपनीच्या गेटवर निळा शर्ट घालून उभा असायचा. गळ्यात पट्टे घातलेली, त्याच्या निम्म्या वयाची पोरं आत जायची, हा सलाम करायचा, आणि घरी येऊन म्हणायचा, "चंपे, आज साडेचारशे साहेब झाले."

चंपाबाई स्वतः कर्वेनगरच्या एका आहारसंशोधन संस्थेत नऊ वर्षं रोजंदारीवर होत्या. आधी कॅन्टीनमध्ये पोळ्या, मग प्रयोगशाळेच्या स्वयंपाकघरात. सकाळी येरवड्याहून मनपाचा थांबा, तिथून दुसरी बस पकडून कर्वेनगर, संध्याकाळी तेच उलटं. नऊ वर्षांत एकदाही उशीर नाही. ज्या दिवशी बस आली नाही, त्या दिवशी बाई डेक्कनपासून चालत आल्या होत्या. त्यांना हवं होतं एकच. कायम व्हायचं होतं. हजेरीच्या पत्रकावर शेवटी पेन्सिलने लिहिलेलं 'चंपा, रोजं.' पुसून वर शाईने पूर्ण नाव लागायला हवं होतं.

"कायम म्हणजे काय, ते मला विचार," दशरथ म्हणायचा. "मी बावीस वर्षं कायम होतो."

"तुमचं यंत्रांनी खाल्लं. धिरडी टाकणारं यंत्र अजून आलं नाही बाप्पा," चंपाबाई म्हणायच्या, आणि तिथेच वाद मिटायचा.

आता त्यांच्या मॅडम. डॉक्टर मंदाकिनी लवाटे, राहणार शनिवार पेठ, वाहन कायनेटिक, वय बावन्न, हसू महिन्यातून दोनदा. बाई विद्वान, शिस्तीच्या, आणि जिभेला कायम थोडंसं लिंबू लावलेलं. कुणी वीस मिनिटं उशिरा आलं, तर शांतपणे विचारायच्या, "काय हो, रस्त्यात पुणं लागलं वाटतं?" कुणाचं काम फार आवडलं तर म्हणायच्या, "ठीक." चंपाबाईंना नऊ वर्षांत तीन वेळा ठीक मिळालं होतं आणि ते तिन्ही दिवस त्यांना तारखेनिशी पाठ होते.

या लवाटे मॅडमनी सोयाबीनवर एक अभ्यास काढला. सोयाबीनमध्ये म्हणे काही खास द्रव्यं असतात, पाळी गेलेल्या बायकांच्या शरीरात ती काय काय करतात यावर जगभर चर्चा चालू होती. मॅडमचा प्रश्न साधा होता. करतील तेव्हा करतील, आधी ती पोटातून रक्तात जातात का, किती जातात आणि किती तासांनी? त्यासाठी बारा बायका जमवल्या, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. रोज सकाळी संस्थेत यायचं, सोयाबीनच्या पिठाची दोन धिरडी खायची आणि घरी जायचं. पहिल्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी मात्र मुक्काम दिवसभर, कारण त्या दिवशी दर दोन तासांनी रक्त काढायचं. धिरडी चंपाबाई करणार, रक्ताच्या नळ्या शर्मिला सांभाळणार.

शर्मिला म्हणजे नुकतीच बी.एस्सी. झालेली मुलगी, पहिलीच नोकरी. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली कॉम्प्युटरचे कोर्स करून कंपन्यांत गेल्या होत्या. ही एकटीच जंतूंच्या आणि नळ्यांच्या प्रेमात राहिली. "काकू, सगळे म्हणतात मी वेडी आहे," ती चंपाबाईंना सांगायची. चंपाबाई म्हणायच्या, "आहेसच. आधी डबा खा."

स्वयंपाकघरात ओट्याच्या वर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात एक कार्ड चिकटवलं होतं. 'सोयापीठ दर माणशी साठ ग्रॅम. पाणी मोजून. मीठ पाव चमचा. कालवून लगेच धिरडी करावीत. स्वतःची कल्पकता वापरू नये.' शेवटच्या ओळीखाली लाल रेघ.

चंपाबाईंनी पहिले तीन दिवस कार्डाबरहुकूम केलं. पहिल्या दिवसाची रक्तंही झाली. आणि तिसऱ्या दिवशी बंड झालं.

बंडाच्या पुढारी दुर्गाबाई सहस्रबुद्धे. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त, वय एकसष्ट, आवाज अजून शाळेतलाच. याच बाईंनी पहिल्या दिवशी धिरड्याला हात लावण्याआधी चंपाबाईंना विचारलं होतं, "आडनाव काय म्हणालात?"

"मेश्राम."

"म्हणजे?"

"म्हणजे मेश्राम. यवतमाळकडच्या," चंपाबाई म्हणाल्या आणि उलथनं घेऊन तव्याकडे वळल्या. असल्या 'म्हणजे'ची त्यांना सवय होती. सवय असली तरी राग यायचाच, आणि तो यायलाच हवा. दुर्गाबाईंनी मग दोन क्षण ताटाकडे पाहिलं आणि खाल्लं.

तर तिसऱ्या दिवशी त्या मॅडमसमोर उभ्या राहिल्या. "मंदाकिनीबाई, तुमच्या विज्ञानाबद्दल मला आदर आहे. पण माझ्या पोटात कालपासून गणपतीचं ढोलपथक वाजतंय. घरात सून आहे, जावई येऊन-जाऊन असतो. मला मानमरातब आहे की नाही?" मागच्या अकरा जणींनी माना डोलावल्या. वासाबद्दल, चवीबद्दल, आणि ज्याबद्दल चारचौघांत बोलत नाहीत त्याबद्दलही सगळ्या एकदम बोलायला लागल्या. चौघी म्हणाल्या, उद्यापासून नाही.

"बारांतल्या दोन जरी गळल्या, तरी अभ्यास बंद," मॅडम त्या गेल्यावर शर्मिलाला म्हणाल्या. "आणि अभ्यास बंद म्हणजे हे स्वयंपाकघरही बंद."

चंपाबाई पलीकडे भांडी घासत होत्या. स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांच्यामधल्या भिंतीत ताटं सरकवायला एक खिडकी होती आणि त्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं. त्यांना कायम करण्याचा कागद ऑफिसात हेडक्लार्क श्यामसुंदरांकडे पोचला होता, एवढा अभ्यास पार पडला की सही. आणि आता त्या सहीच्या वाटेत बारा बायकांची पोटं आडवी आली होती!

पण स्वयंपाकातल्या अडचणीला घाबरतील तर त्या चंपाबाई कसल्या. जड पिठाचं काय करायचं, हे त्यांच्या सासूने त्यांना लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पीठ आदल्या दिवशी भिजवायचं, त्यात कालच्या आंबलेल्या पिठातलं डावभर घालायचं आणि झाकून ठेवायचं. सकाळपर्यंत वर येतं, जाळी पडते, वास जातो, पोटाला हलकं होतं. गावात सगळ्याच बायका असंच करायच्या. त्यामुळे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला चंपाबाईंनी पीठ मोजलं, अगदी कार्डाप्रमाणे, साठ ग्रॅम गुणिले बारा. पाणी मोजलं. मीठ मोजलं. सकाळचं थोडं पीठ दिवसभर पातेल्यात राहून आंबटसर झालं होतं, ते डावभर त्यात घातलं, पातेलं टॉवेलात गुंडाळलं आणि ओट्याखालच्या कपाटात ठेवून दिलं.

आता तुम्ही म्हणाल, कार्डावर तर 'लगेच' लिहिलं होतं. लाल रेघही होती. होती ना! चंपाबाईंना वाचता येत होतं, सातवी पास होत्या. पण त्यांच्या हिशेबी त्यांनी नवीन काही घातलंच नव्हतं. तेच पीठ, तेच पाणी, तेच मीठ, फक्त आजच्यात थोडं कालचं. पिठात पीठ मिसळलं याला कुणी कल्पकता म्हणेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. मॅडमना विचारायचं, तर मॅडम आधीच चिडलेल्या. सांगू निवांत, असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि बस गाठली.

चौथ्या दिवशी धिरडी तव्यावर पडली ती फुलूनच. कडेला सोनेरी, मधे जाळी. बारा जणी मुकाट्याने खात होत्या, आणि पुण्यात बारा बायका मुकाट्याने खातात म्हणजे काय ते समजून घ्या. दुर्गाबाईंनी ताट पुढे केलं. "आणखी एक वाढा."

"मिळणार नाही. मोजून आहेत," चंपाबाई म्हणाल्या. मनातून त्यांना उड्या माराव्याशा वाटत होत्या.

पुढचे सगळे दिवस ढोलपथक बंद. मॅडमनी आपल्या वहीत लिहिलं, 'आतडी सरावली.' एकविसावा दिवस आला. बायका लोकरीचं विणकाम, पत्ते आणि सुनांच्या तक्रारी घेऊन दिवसभर बसल्या, शर्मिलाने दर दोन तासांनी रक्त काढलं, सगळं सुरळीत. अभ्यास संपला. दुर्गाबाई जाताना चंपाबाईंना म्हणाल्या, "तुमच्या हाताला चव आहे हो," आणि थोडं थांबून, "मेश्रामबाई." चंपाबाईंनी मान हलवली. तेवढ्याने सगळं विसरलं जात नाही, पण बरं वाटलं हे खरं.

मग पंधरा दिवसांनी, एका शनिवारी, यंत्रातून आकडे आले.

खिडकीपलीकडून मॅडमचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. मॅडमचा आवाज हळू झाला की सगळी संस्था जपून चालायची. "शर्मिला, पहिल्या दिवशी ही द्रव्यं रक्तात सर्वांत जास्त केव्हा सापडली? सहा तासांनी. एकविसाव्या दिवशी? दोन तासांनी. तीच बाई, तेच धिरडं, तेवढंच वजन. आणि हे एकीचं नाही, बाराच्या बारा जणींचं. पोटातला वायू कमी झाला, ते मी समजू शकते. पण सगळ्यांची आतडी ठरवून एकदम चार तासांनी पुढे गेली? आतड्यांनी काय सभा घेतली होती?"

"मॅडम, मी वेळ दोनदा लिहिली होती प्रत्येक नळीवर..."

"मग दोनदा चुकीची लिहिलीस. दोनच्या आणि सहाच्या नळ्या उलटल्या आहेत. तीन महिन्यांचं काम पाण्यात. सोमवारी ऑफिसात ये, श्यामसुंदरांकडे. तुझ्या नेमणुकीचं काय करायचं ते बोलू."

शर्मिला स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून रडायला लागली. "काकू, देवाशपथ, मी नाही चुकले हो. आता सगळे म्हणतील, हिला साध्या नळ्या सांभाळता येत नाहीत." चंपाबाईंनी तिला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, पण तिच्याकडे बघायचं टाळलं. कारण सगळ्या आयुष्यात काही कळलं नव्हतं इतकं लख्ख त्यांना कळलं होतं. तीन दिवस लगेचची धिरडी, अठरा दिवस कालच्या पिठाची. नळ्या नव्हत्या उलटल्या. पीठ बदललं होतं.

आणि त्यांचा स्वतःचा कागद सोमवारीच मॅडमपुढे सहीला जाणार होता. ऑफिसातल्या श्यामसुंदरांनी कौतुकाने दाखवलाही होता त्यांना. एकच रकाना भरायचा राहिला होता. 'कर्मचारी दिलेल्या सूचनांचे तंतोतंत पालन करतो किंवा करते काय?' मॅडमनी 'हो' लिहिलं की झालं.

रविवारी चंपाबाईंनी भाजीत दोनदा मीठ घातलं. दशरथने पहिला घास घेतला, ताट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "काऊन वं, काय झालं?"

त्यांनी सगळं सांगितलं. दशरथ म्हणाला, "ब्याऐंशी साली आमच्याकडे एक पूर्ण लॉट वाया गेला. माप चुकलं होतं. फोरमनने माझं नाव घेतलं, पंधरा दिवस घरी बसवलं. माप बदललं होतं दुसऱ्यानं. त्याला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाही तो?"

"त्यालाही कायम व्हायचं होतं ना," दशरथ म्हणाला. "रोज माझ्यासंग डबा खायचा. अजूनही भेटला की चांगला बोलतो. पण मला त्याच्या तोंडाकडे पाहवत नाही."

एवढंच. कर की नको कर, काही म्हणाला नाही. ताट पुढे ओढून ती खारट भाजी त्याने पूर्ण संपवली. चंपाबाईंना त्या क्षणी नवऱ्याचा इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं, की दोन्ही लपवायला त्या उठून पाणी आणायला गेल्या.

सोमवारी दहाला त्या ऑफिसच्या दारात उभ्या. आत मॅडम, श्यामसुंदर आणि खाली मान घातलेली शर्मिला. टेबलावर दोन कागद, एक शर्मिलाचा, एक त्यांचा. चंपाबाई आत गेल्या, आणि घसा साफ करावा, नमस्कार करावा, काही नाही, थेट बोलल्या, "मॅडम, पोरीच्या नळ्या बरोबर आहेत. पीठ मी बदललं."

मग एका दमात सगळं. बंड, सासूबाई, कालचं डावभर, टॉवेल, कपाट. बोलून झालं तेव्हा छाती हलकी झाली होती.

मॅडमनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "कार्डावरची शेवटची ओळ वाचली होतीत?"

"हो."

"लाल रेघ दिसली होती?"

"दिसली होती."

"वा. मी उगीच समजत होते की शाई कमी पडली." मॅडम उठल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "चंपाबाई, एकवीस दिवस मी आतडी मोजते आहे असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी तुमच्या सासूबाईंना मोजत होते! एक शब्द सांगता आला नाही? एक?"

"चुकलंच, मॅडम. पोरीला ठेवा. माझ्या कागदाचं काय करायचं ते करा." आणि इथे मात्र त्यांचा आवाज फुटला. नऊ वर्षं हो! त्या डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या, आणि श्यामसुंदर खिडकीबाहेर बघायला लागले.

मॅडम दारापर्यंत गेल्या होत्या. तिथे थांबल्या. वळल्या. आवाज एकदम वेगळा. "किती तास ठेवत होता पीठ?"

"अं? संध्याकाळी पाच ते सकाळी आठ."

"रोज तेवढंच?"

"तेवढंच. बसची वेळ ठरलेली आहे ना."

"शर्मिला, डोळे पूस," मॅडम म्हणाल्या. "दुर्गाबाईंना फोन लाव. बाराही जणींना परत बोलवा. एक दिवस कार्डाची धिरडी, आठवड्याने कालच्या पिठाची. आणि चंपाबाई, तुम्ही नियमाप्रमाणे लेखी खुलासा द्यायचा. काय केलंत, कसं केलंत, सगळं. या कागदाला मी तोवर हात लावणार नाही."

फेर-प्रयोग झाला. बायका हसत हसत आल्या, फक्त कार्डाच्या दिवशी दुर्गाबाईंनी घरच्या सगळ्यांना सिनेमाला पाठवून दिलं होतं. दोन्ही दिवस नळ्यांशेजारी मॅडम स्वतः घड्याळ घेऊन बसल्या. आकडे आले. लगेचची धिरडी, सहा तास. कालच्या पिठाची, दोन तास. बाराच्या बारा.

त्या दिवशी मॅडम पहिल्यांदाच स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसल्या. "चंपाबाई, तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कळायला हवं. सोयाबीनमधली ही द्रव्यं एकटी नसतात. प्रत्येकाच्या पाठीला साखरेचं बोचकं बांधलेलं असतं. त्या बोचक्यासकट आतड्याच्या भिंतीतून आत शिरता येत नाही."

"आमच्या मनपाच्या बसमध्ये कंडक्टर बोचकं घेऊन चढू देत नाही, तसं?"

"अगदी तसं. बोचकं सोडवायचं थोडं काम लहान आतडं करतं, पण बरंचसं खाली मोठ्या आतड्यातले जंतू करतात. तिथवर पोचायला वेळ लागतो, म्हणून सहा तास. तुमच्या कालच्या पिठातल्या जंतूंनी ती बोचकी आदल्या दिवशीच, पातेल्यातच, सोडून ठेवली. त्यामुळे द्रव्यं वरच्या आतड्यातूनच सरळ आत. दोन तासांत रक्तात. ज्या साखरेने पोट फुगतं, तीही त्याच जंतूंनी बरीचशी खाऊन टाकली."

"आणि रक्तातून मग कुठं जातात?"

"यकृतात. तिथे त्यांना नवी बोचकी बांधतात. काही पित्तातून पुन्हा आतड्यात येतात, पुन्हा एक फेरी, आणि शेवटी लघवीवाटे बाहेर."

"म्हणजे परतीचं तिकीटही आहे की!" चंपाबाई म्हणाल्या, आणि मॅडमचं त्या महिन्यातलं पहिलं हसू तिथे खर्च झालं.

शर्मिलाने आणखी एक उद्योग केला होता. मोठ्या आतड्यातले काही जंतू यातल्या एका द्रव्यापासून पुढे इक्वॉल नावाचं आणखी एक द्रव्य बनवतात, पण ते जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात. बारांपैकी चौघींत सापडलं. हौसेने तिने चंपाबाईंची आणि मॅडमची लघवीही तपासली, दोघींनी तीन दिवस तीच धिरडी खाल्ल्यावर. चंपाबाईंत भरपूर. मॅडममध्ये शून्य.

"दहा वर्षं मी सोयाबीनवर भाषणं देते आहे," मॅडम त्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "आणि माझ्याच पोटात कर्मचारी हजर नाहीत. चंपाबाई, तुमचे कायम दिसतात."

'कायम' शब्द ऐकून चंपाबाईंचं हसू थांबलं. त्यांचा खुलासा देऊन महिना झाला होता. मोठ्या अक्षरात दीड पान. पीठ किती, पाणी किती, डाव कुठला, टॉवेल कसला, आणि शेवटी 'विचारले नाही ही माझी चूक आहे.' त्याचं पुढे काय झालं, हे त्यांनी विचारलं नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती.

दोन दिवसांनी श्यामसुंदरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं आणि कागद पुढे केला. रकान्यात मॅडमचं टपोरं अक्षर होतं. 'कर्मचारी दिलेल्या सूचनांचे तंतोतंत पालन करतो किंवा करते काय?' त्यापुढे लिहिलं होतं, 'नाही.'

चंपाबाईंनी कागद तसाच परत टेबलावर ठेवला. श्यामसुंदर म्हणाले, "अहो, खाली वाचा."

खाली लिहिलं होतं, 'मात्र स्वतःचे नुकसान होत असतानाही चूक स्वतःहून सांगतात. सूचना पाळणारे पुष्कळ मिळतात. कायम करावे.' सही, तारीख, शिक्का.

त्या संध्याकाळी दशरथने तो कागद तीन वेळा वाचला. मग घडी करून बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवला आणि म्हणाला, "आमच्या फोरमनला दाखवायला पाहिजे होता हा." चंपाबाई त्या दिवशी भाजीत मीठ घालायला विसरल्या, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

ओट्यावर नवीन कार्ड लागलं. मजकूर चंपाबाईंच्या खुलाशातलाच, अक्षर मॅडमचं. पीठ, पाणी, मीठ, कालचं डावभर, पंधरा तास. फक्त लाल रेघेवरची शेवटची ओळ बदलली होती. 'कल्पकता वापरायची असल्यास आधी विचारावे.'

डिसेंबरात थंडी पडली. पुण्याची थंडी, पीठ काही वर येईना. चंपाबाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं, बोटाने चाखलं, मान हलवली. यात आणखी दोन तास हवेत किंवा पातेलं कोमट पाण्यात ठेवायला हवं, हे त्यांना झोपेतही कळलं असतं. त्यांचा हात गॅसच्या बटणाकडे गेला. मग त्यांनी कार्डाकडे पाहिलं, हात पुसले, पदर सारखा केला आणि जाऊन मॅडमच्या दारावर टकटक केलं.

"काय हो चंपाबाई?"

"पीठ कोमट पाण्यात ठेवू का? विचारायला आले."

मॅडमनी वहीतून डोकं वर काढलं. पेन खाली ठेवलं.

"ठीक," त्या म्हणाल्या.